नापास कोण?



दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. जेथे माणूसच हत्याराच्या नावाने मोजला जातो, तेथे त्याच्या लेकराची हजेरी कोण मांडणार? राजुरात आम्हा शिक्षकांना फक्त रिकामा बाक दिसतो. मूल उन्हाळ्यात परतते तेव्हा मागे पडलेले असते. दोन-तीन वर्षे असे झाले की त्याला वर्गात बसण्याचीच लाज वाटते. मग आपणच म्हणतो, ‘पोराला शिक्षणाची गोडी नाही.’

अट्ठकथेत चुल्लपंथक भिक्खूची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खूच. त्याने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याला थांबविले, हाती स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत बसण्यास सांगितले. फडके मळत गेले तशी त्याला अनित्यता उमगली. भावाने पाठांतर मोजले, तथागतांनी समज मोजली.

आपल्या घरातील शाळा सुटलेल्या मुलाचे यश आपण कसे मोजतो? तो पुन्हा नेमाने अभ्यासाला बसतो का? न समजलेले विचारतो का? मुकादमाने बापाला दिलेल्या उचलीचा हिशेब स्वतः मांडतो का? सहा महिन्यांपूर्वी तो कोठे होता, हे आधी पाहा.

पण येथेच सावध राहा. ‘वाचता आले, त्याला एवढे पुरे,’ असे कोणी म्हटले तर ते मुळीच मानू नका. आपल्या मुलांना कमी मापाचे शिक्षण द्यावे म्हणून बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले नव्हते. नोकरीच्या दारात प्रमाणपत्रच विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला पाच वर्षांत नऊ संधी असतात. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

म्हणून दोन्ही मापे हाती धरा. एकाने मुलाचा धीर वाढवा, दुसऱ्याने त्याचा हक्क मिळवा. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा गुणवंतांच्या सत्काराबरोबर आणखी एक काम करा: वस्तीत शाळा सुटलेली मुले किती, ते मोजा. ती मुले परत बसती होईपर्यंत नापासाचा शेरा आपल्या नावापुढे आहे, असे समजा.

जय भीम!

— एक शिक्षक, राजूर (जि. जालना)