हेडसेट उतरवल्यावरचं बोलणं

चि. सोनूस,


जर्मन बोलायचा सराव करायला व्हीआर हेडसेट घेतलास, हे ताईकडून कळलं. तिला तो पैशांचा चुराडा वाटतो. मला नाही वाटत. वर्गात बाईंनी नाव घेतलं की तुझ्या घशाला कोरड पडते आणि तोंडपाठ असलेलंही आठवत नाही, हे मी जाणून आहे. तो काही मठ्ठपणा नव्हे. परकी भाषा वर्गात बोलण्याची धास्ती इतकी सर्रास आढळते, की १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. तेव्हा हेडसेटमधल्या त्या खोट्या कॅफेत वेटरशी बोलताना खुशाल चूक. 'डेर'च्या जागी 'डास' गेलं तरी तिथे मागच्या बाकावरून कुणी खुसखुसत नाही.

पण डोकं जड होतं, मळमळतं, तरी धडा पुरा करतेस म्हणे. हे आधी बंद कर. घाटात एसटीत पुस्तक वाचताना पोटात ढवळतं ना, तसलाच हा प्रकार, फक्त उलटा: तिथे अंग हलतं आणि डोळे पानावर असतात, इथे डोळ्यांना चालल्यासारखं दिसतं आणि तू आपली पलंगावर बसलेली. शिवाय भिंगांमुळे डोळ्यांचा फोकस एकाच अंतरावर अडकतो, समोरचा वेटर मात्र जवळ-लांब होत राहतो. डोळे शिणणारच. सवयीने जाईल म्हणून रेटू नकोस. पहिली मळमळ आली की हेडसेट उतरवायचा आणि खिडकीतून लांब बघायचं. फिरायचे प्रसंग सोड, बसून गप्पा मारायचे घे. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

आता जरा कडू बोलते. तिथे तुला भीती वाटत नाही, कारण तिथे माणूसच नाही. मॅक्सम्युलर भवनच्या बी-वनच्या तोंडी परीक्षेला साधारणपणे जोडीने बसवतात, आणि दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा असतो. तो जोडीदार मध्येच तोडेल, पुटपुटेल, तुझं वाक्य ऐकून भुवया उंचावेल. हेडसेटमधला वेटर बिचारा यातलं काहीच करत नाही. म्हणून सकाळी तिथे घोकलेला प्रसंग त्याच दिवशी कुणाशी तरी समोरासमोर बोलून टाक. वर्गात तुझ्याइतकीच घाबरट मुलगी एखादी तरी असेलच, तिला गाठ.

शुक्रवारी रात्री मला फोन कर. दोघींनी कोल्हापूरला जायचा बेत आखू, सगळा जर्मनमधून. मी मुद्दाम मध्ये तोडणार आहे.

तुझी,
मावशी