गोळीमागून गोळी

कोरेगावच्या पेठेत अण्णांचं भांड्यांचं दुकान. बीपी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी त्यांची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० केली. बीपी १३०/८० वर उतरलं, पण महिन्याभरात घोटे सुजले. सकाळी कमी, दिवसभर गल्ल्यावर बसून संध्याकाळी जास्त. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा.

डॉक्टरांची तारीख लांब, मेडिकलवाला ओळखीचा. त्यानं लघवीची गोळी दिली. (असली ओळख गावोगाव असते, तिचं बिल उशिरा येतं एवढंच.) सूज तशीच, वर अण्णांना रात्री उठावं लागे, पोटऱ्यांत गोळे येत. त्यावर कॅल्शियम आलं. जागरणाचा थकवा, म्हणून टॉनिक. शेजारी म्हणाले, "बीपीची गोळीच बंद करा." ते मात्र सुनेनं होऊ दिलं नाही. सगळी औषधं पिशवीत भरून तिनं सासऱ्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर पालथी केली. ईसीजी काढला, लघवी आणि क्रिएटिनिन तपासलं. हृदय, मूत्रपिंडं ठीक होती.

"अण्णा, रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की ती आवळते. ही गोळी ते शिरणं कमी करते, वाहिनी सैलावते, बीपी उतरतं. पण सैलावतात त्या रक्त आणणाऱ्या. परत नेणाऱ्या तेवढ्या नाहीत. पाटाचं दार उघडलं आणि पुढची चारी अरुंदच राहिली, तर पाणी रानात फुटणारच. अंगात पाणी वाढलेलंच नाही, तर लघवीची गोळी काय उपसणार?"

"मग सुजेवरची दुसरी द्या."

"तीन काढतो, एक देतो." लघवीची गोळी, कॅल्शियम, टॉनिक बाजूला गेलं. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आली. जोडीला टेल्मिसार्टन, जिच्यामुळं परतीच्या वाहिन्याही सैलावतात. "फरक उद्याच दिसणार नाही. अ‍ॅम्लोडिपिन अंगात रेंगाळते. आणि मनानं काही बंद करायचं नाही."

हळूहळू घोट्याची हाडं दिसू लागली.

पुढं एका बाजारच्या दिवशी निवृत्त गुरुजी दुकानात आले. महिनाभर कोरडा खोकला, पिशवीत सिरपची नवी बाटली.

"गुरुजी, बीपीची गोळी कुठली चालू आहे?"

"रॅमिप्रिल. पण खोकल्याचा आणि बीपीच्या गोळीचा काय संबंध?"

"माझ्या घोट्यांचा तरी कुठं वाटत होता?" अण्णांनी बाटली गल्ल्याशेजारी ठेवून घेतली आणि दवाखान्यात फोन लावला.