‘गाडी आली की…’



मी मराठी विभागात भाषांतराची सेवा करतो. हिंदीतील प्रवचने मराठीत आणणे, एवढेच माझे काम. या महिन्यात संयोजकांनी सांगितले की भाषांतर पुरे, एखादा लेख स्वतःच्या अनुभवावर लिही. अनुभव म्हणावा असे माझ्यापाशी फारसे काही नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आहे, निकाल लागायचा आहे, आणि इंदूरच्या आमच्या घरात सगळे जण एका गाडीची वाट पाहत आहेत. म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

गेल्या दसऱ्याला बाबांनी गाडी नोंदवली. ही आमच्या घरातली पहिली चारचाकी. बाबांचे सगळे आयुष्य स्कूटरवर गेले. त्यांना पांढरा रंग हवा होता, ताईला राखाडी, राखाडी ठरला. त्या रंगाची आणि आम्ही निवडलेल्या प्रकारची गाडी शोरूमच्या साठ्यात नव्हती, त्यामुळे ऑर्डर कारखान्यात गेली. शोरूममधला मुलगा म्हणाला, “अंकल, दहा आठवडे.” आज छत्तिसावा आठवडा चालू आहे.

सुरुवातीला या विलंबाचा कुणालाच त्रास नव्हता. आमच्या सत्संगात एक काका आहेत, त्यांनी तीस वर्षे पीथमपूरच्या एका कारखान्यात काम केले. त्यांनी समजावून सांगितले की कारखाना आपल्या एकट्यासाठी गाडी बनवत नाही. महिन्याचा आराखडा आधी ठरतो. कोणत्या प्रकाराच्या किती आणि कोणत्या रंगाच्या किती, ते त्यात असते. पत्र्याचा सांगाडा वेल्डिंग होऊन रंगायला जातो, मग जोडणीच्या साखळीवर येतो. एका गाडीला हजारो सुटे भाग लागतात आणि त्यातला एक आला नाही तर बाकीचे सगळे तयार असूनही गाडी बाहेर पडत नाही. 2021 मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला तेव्हा हेच झाले होते. तळहातावर मावेल एवढ्या वस्तूसाठी मोठमोठे कारखाने अडून राहिले. काकांचे हे बोलणे ऐकून बाबा शांत झाले. पुढे मात्र तेच बाबा, ज्यांनी आजवर रिक्षावाल्याशीही आवाज चढवला नव्हता, फोनवर त्या शोरूमच्या मुलाला नको ते बोलले. तो मुलगा माझ्याच वयाचा. चाकणच्या कारखान्यात कोणता भाग कमी पडला आहे यात त्याचा काय दोष? आपला क्रोध नेहमी साखळीतल्या सर्वांत लहान माणसावर जाऊन पडतो, कारण फोन उचलण्याचे काम त्याच्याकडे असते.

आमच्या अभ्यासक्रमात 1930 चा मालविक्री कायदा आहे. त्यात ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. माल तयार व्हायचा आहे, किंवा अनेक नगांतून तुमचा नग अजून निश्चित झालेला नाही, तोवर मालकी तुमच्याकडे येत नाही. शोरूमच्या हिशोबातही आम्ही भरलेली आगाऊ रक्कम त्यांचे उत्पन्न नसते, ते देणे म्हणून दाखवावे लागते. म्हणजे कायद्याने पाहिले किंवा जमाखर्चाने पाहिले, तरी या जगात ‘आमची गाडी’ नावाची वस्तू नव्हती. आमच्या घरात मात्र होती. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून ताईचे आणि माझे भांडणही होऊन गेले होते. ममत्वाला वस्तू लागतच नाही, हे इतकी प्रवचने भाषांतरित करून मला समजले नव्हते, ते या कायद्याच्या पुस्तकाने समजले.

पण खरे सांगायचे आहे ते पुढेच.

आजीचे वय 82. तिचे गुडघे स्कूटरवर बसू देत नाहीत. म्हणून दर शनिवारी बाबा तिला रिक्षाने सत्संगाला नेत असत. जाऊन-येऊन दोनशे रुपये. गाडी नोंदवल्यावर बाबा सहज म्हणाले, “आता दहा आठवड्यांचाच प्रश्न आहे. गाडी आली की दर शनिवारी आरामात जाऊ.” कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. मी आणि बाबा स्कूटरला पिशव्या लटकवून रविवारी रुग्णालयात बारा डबे पोहोचवत होतो. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आपल्या केंद्रातर्फे ही सेवा चालते. मीच हिशोब मांडला की गाडीच्या डिकीत चाळीस डबे सहज मावतील, मग स्कूटरच्या खेपा कशाला? गाडी आली की करू. उज्जैनला आत्याचे ऑपरेशन झाले. इंदूरहून उज्जैनला बसगाड्या सारख्या सुटतात. तरीही आम्ही आत्याला फोनवर सांगितले, गाडी आली की लगेच येतो.

फेब्रुवारीत घराची रंगरंगोटी काढली तेव्हा खुंटीवरची आजीची सत्संगाची पिशवी मी खाली घेतली. आत जपमाळ होती, चष्म्याचे घर होते, आणि कागदाच्या पुडीत खडीसाखर होती. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारचा प्रसाद. आजी घरी नेऊन सर्वांना वाटते, तो त्या दिवशी वाटायचा राहिला असावा. साखर घट्ट होऊन कागदाला चिकटली होती.

मी विचारले, “आजी, चार महिने तू सत्संगाला गेली नाहीस. बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “अरे, तुम्हीच म्हणालात ना, गाडी आली की.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्त लागले.

त्या रात्री मी बसून विचार केला की हे घडले कसे. आम्ही काही सेवा सोडून देणारी माणसे नव्हतो. उत्तर शोधताना आजोबांची गोष्ट आठवली. लायसन्सच्या काळात कारखान्याने किती वाहने बनवायची हे सरकारी परवान्यावर ठरत असे. 1972 मध्ये चेतक बाजारात आली, आणि पुढे अनेक वर्षे स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. आजोबाही थांबले. पण त्यांना कुणी तारीख दिली नव्हती. नंबर लागेल तेव्हा लागेल, हे ठाऊक होते, म्हणून त्या सगळ्या वर्षांत ते सायकलवर बसून भजनाला, बाजारात आणि आजारी माणसांच्या भेटीला जात राहिले. आम्हाला मात्र तारीख मिळाली होती. दहा आठवडे झाले की “आणखी दोन आठवडे”, ते संपले की “या महिनाअखेरीस”. पहिल्याच दिवशी कुणी नऊ महिने लागतील असे सांगितले असते तर बाबांनी एकही शनिवार रिक्षा चुकवली नसती. दोन आठवड्यांसाठी काय पुन्हा सुरू करायचे, असे म्हणत म्हणत आम्ही चार महिने घालवले.

बंधू-भगिनींनो, आपली साधना बहुधा अशीच थांबते. कुणीही ठरवून नामस्मरण सोडत नाही. परीक्षा झाली की, नोकरी लागली की, घराचे हप्ते फिटले की, मुले मार्गी लागली की… प्रत्येक मुदत लहान असते आणि खरी वाटते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आशेला पाश म्हटले आहे. मला पूर्वी ती उपमा जरा कठोर वाटायची, कारण आशा ही तर चांगली गोष्ट. आता वाटते, दोर जाड असता तर आपण तो तोडायचा प्रयत्न तरी केला असता. तो दोन-दोन आठवड्यांच्या बारीक धाग्यांनी वळलेला असतो.

भाषांतर करताना मला ‘प्रतीक्षा’ हा शब्द वारंवार भेटतो. तो मराठीत चालतो, पण आपला नेहमीचा शब्द वाट पाहणे. आणखी एक जुना शब्द आहे, तिष्ठणे. हा संस्कृतातल्या उभे राहण्याच्या धातूपासून आला. उभे राहून वाट पाहणारा म्हटला की मराठी माणसाला एकच रूप दिसते. आजीचे माहेर पंढरपूरजवळचे. तिच्याकडून पुंडलिकाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता तेव्हा देव दारी आला. पुंडलिक उठला नाही. त्याने एक वीट पुढे टाकली आणि सेवा पुरी होईपर्यंत तिच्यावर उभे राहायला सांगितले. देव राहिला. परंपरा म्हणते, अठ्ठावीस युगे झाली, अजून उभा आहे.

ही गोष्ट आपण मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण या खेपेला मला त्यात वाट पाहण्याचा दुसरा अर्थ दिसला. पुंडलिकाच्या दारात प्रत्यक्ष परब्रह्म आले होते. ज्याच्यासाठी लोक जन्मोजन्म थांबतात तेच आले होते, आणि त्याने हातातले पाय दाबणे थांबवले नाही. आमच्या दारात तर काहीच आलेले नव्हते. न आलेल्या गाडीसाठी आम्ही हातातली सेवा थांबवली. वीट आम्हीही टाकली होती, फक्त तिच्यावर आजीला उभे केले.

यावर कुणी म्हणेल की गाडीची इच्छाच चूक. मला तसे वाटत नाही. योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत, त्यांतला संतोष हा एक. संतोष म्हणजे गरजा नाकारणे असे आजीच्या गुडघ्यांकडे पाहून मला तरी म्हणवणार नाही. गाडी हवी आहे. ती येईपर्यंत जे आहे तेवढ्यावर आजचे काम करणे, इतका अर्थ मला पुरतो.

आणखी एक प्रसंग सांगितला नाही तर हा लेख प्रामाणिक होणार नाही. मार्चमध्ये मामांचा फोन आला. शोरूममध्ये त्यांच्या ओळखीचे कुणी होते. नेमक्या आमच्याच प्रकारची, त्याच रंगाची एक गाडी आली होती. ती ज्यांच्या नावावर लागली होती त्यांच्या कर्जाचे कागद अडकले होते. आपण रोख भरले आणि वर थोड्या ॲक्सेसरीज घेतल्या तर ती आपल्याला फिरवून देता येईल, असा निरोप होता. मी लगेच हो म्हणालो. माझ्याकडे कारणही चांगले होते: आजीचा सत्संग, डबे, आत्या. बाबांनी मात्र त्या शोरूमच्या मुलालाच फोन लावला आणि विचारले, “ती गाडी कुणाची आहे हो?” तो आधी घुटमळला. मग म्हणाला, “एका शाळेतल्या मॅडमची आहे, अंकल. त्यांचे लोन मंगळवारपर्यंत होईल बहुतेक.”

बाबांनी मामांना नाही सांगितले. का, ते मला समजावलेही नाही. रांगेत एक जण पुढे सरकला की दुसरा कुणीतरी मागे जातोच. जमा आणि नावे यांचा हा नियम मी तीन वर्षे शिकलो, पण त्या दिवशी नावेच्या बाजूला कोण आहे हे विचारायचे मला सुचले नाही. मी दोन दिवस बाबांशी बोललो नाही. आजही कधीकधी मनात येते की मार्चपासून गाडी दारात असती. हा विचार अजून गेलेला नाही, हेही इथे नोंदवतो.

पण त्याआधीच, खडीसाखरेच्या पुडीनंतरच्या शनिवारी, बाबांनी रिक्षा बोलावली होती. आजीने पिशवी धुऊन वाळवून घेतली होती. केंद्रात तिला पाहून एक काकू रडल्या, त्यांना वाटले होते आजी आजारी आहे. डबे पुन्हा बाराच जातात, स्कूटरला लटकून. आत्याकडे आम्ही बसने गेलो. ती आता चालायला लागली आहे, म्हणजे तिला आमची खरी गरज होती ते दिवस गेले. त्याचे काही करता येणार नाही.

परवा संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. आमच्या नावावर गाडी लागली आहे, चासी नंबर पडला आहे, चाकणहून वाहतुकीचा ट्रक निघाला की धुळे-सेंधवामार्गे तीन-चार दिवसांत पोहोचेल, शनिवारी सायंकाळी साडेपाचला डिलिव्हरी घेता येईल. बाबांनी तो सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि मला पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. मग त्या मुलाला म्हणाले, “बेटा, मी तुला मागे जास्त बोललो होतो.” तो म्हणाला, “अंकल, रोजचेच आहे.”

आतल्या खोलीतून आजीने विचारले, “शनिवारी रिक्षा येणार आहे ना?”

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मग डिलिव्हरी रविवारी डबे पोहोचवून झाल्यावर घेऊ, असे त्या मुलाला सांगितले.