पोटात कालवते तेव्हा

लूककृत शुभवर्तमानाच्या भाषांतराची तपासणी चालू होती. दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्याच्या मनातील भावनेसाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, त्याचा संबंध आतड्यांशी आहे. ‘पोटात कालवले’ असे आपण म्हणतो, ते त्याच्या पुष्कळ जवळ जाते. ‘दया आली’ म्हणावे की ‘कळवळा आला’, याचा विचार करण्यात माझी सबंध सकाळ गेली. दुपारी बंगळूरच्या रस्त्यावर बाहेर पडलो, तो पदपथावर एक वृद्ध गोणपाटावर पडलेला दिसला. त्याला वळसा घालून मी पुढे निघालो. इतक्यात ‘आई गं, पाणी’ असे तो कण्हला. शब्द मराठी होते, म्हणून माझे पाय थांबले. तो कानडीत कण्हला असता, तर थांबले असते काय?

मी पाणी आणून दिले. सोलापूरकडून बांधकामावर आलेला हा मजूर पडून जायबंदी झाला होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. लगेच मनात तो नेहमीचा प्रश्न उभा राहिला : हा दयेला पात्र आहे काय? आपल्या घरांत व मंडळ्यांत बेघरांविषयी बोलणे निघाले की हाच प्रश्न प्रथम येतो. दिलेल्या पैशाची तो दारू पिईल, ही भीती खोटी नाही. कोणती मदत हिताची, हे ठरवण्यासाठी विवेक हवाच. परंतु मदत कशी करावी हा एक प्रश्न, आणि तो आपला कोणी लागतो की नाही हा दुसरा. पहिल्याच्या आडोशाने आपण दुसरा टाळतो.

लूकने ते क्रियापद तीन ठिकाणी वापरले आहे : नाईन गावची विधवा, जखमी वाटसरू आणि उधळ्या पुत्राचा पिता. तिसरे उदाहरण ध्यानात घ्यावे. पुत्र दूर असतानाच, त्याने पापकबुलीचा एक शब्द उच्चारण्यापूर्वीच, पित्याच्या पोटात कालवले. पात्रतेची चौकशी झालीच नाही. आणि तिन्ही ठिकाणी त्या भावनेमागोमाग कृती येते. प्रभू तिरडीला हात लावतो, शोमरोनी जखमा बांधतो, पिता धावत सुटतो.

समाजाची रीत वेगळी. कर्नाटकात भीक मागण्यास बंदी करणारा कायदा १९७५ साली झाला, आणि निराश्रितांच्या सोयीसाठी मालमत्ता करावर ३ टक्के उपकर घेतला जाऊ लागला. मागडी रस्त्यावरील निराश्रित केंद्रात अशा लोकांना नेऊन ठेवले जाते. ऑगस्ट २०१० मध्ये तेथे थोड्याच दिवसांत अनेक जण मरण पावले, तेव्हा शहर हळहळले. कर मात्र आपण सर्वांनी वेळेवर भरला होता. शोमरोन्यानेही उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले. संस्थेच्या हाती सोपवणे हे पाप नव्हे. पण ‘मी परत येईन’ असेही त्याने सांगितले होते. आपण दीनार देतो आणि परत जाण्याचे विसरतो.

पंडिता रमाबाईंचे स्मरण येथे होते. १८७४ नंतरच्या दुष्काळात आईवडील गमावल्यावर ही विदुषी भावासह देशभर पायी भटकली. झेलमच्या काठी थंडीपासून बचावासाठी दोघांनी खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या, त्यांना आश्रय दिला, आणि उत्तरायुष्यात संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतरही केले. उघड्यावर काढलेल्या रात्रीचा अर्थ त्यांना शब्दकोशात शोधावा लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी गेलो. गोणपाट तेवढे होते, माणूस नव्हता. आसपास विचारले, कोणाला काही ठाऊक नव्हते. तेव्हा ध्यानात आले की, मी त्याचे गाव विचारले, दुखणे विचारले, पण नाव विचारले नाही. प्रभूच्या दाखल्यांत नाव असलेला माणूस एकच आहे, आणि तो श्रीमंताच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर आहे. श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकलले नाही. तो केवळ जवळून येत-जात राहिला.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासनेस जाताना वाटेत जो कोणी पडलेला दिसेल, त्याला काय द्यावे हे आपण मागाहून ठरवू. प्रथम त्याचे नाव विचारू या.