कयाधूतला एक कण

जरा थांबा. खांदे सैल सोडा. श्वास येतोय, जातोय. त्याला तसंच राहू द्या.

पाऊस नुकताच उघडलाय. हिंगोलीजवळ कयाधू गढूळ वाहतेय. काठच्या रानात हळदीच्या सरीतून पाणी ओघळतंय. त्या पाण्यात काळ्या मातीचा एक कण आहे.

तो दिसायचा नाही, इतका बारीक. पण बोटांना लागलेली ती माती आठवा. चिकट. गार. तिच्यातलाच हा.

त्याच्यासोबत चला. घाई नको.

कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला. पुढे प्राणहिता, मग गोदावरी. (सोबतचे कितीतरी कण बंधाऱ्यांत गाळ होऊन बसले. आपला निसटलाय, असं धरू.)

आता बंगालचा उपसागर. पाणी खारं होतंय. एक श्वास घ्या.

कण बुडतोय. एकटा असता, तर हजार मीटर उतरायला त्याला वर्षं लागली असती. पण मेलेल्या सूक्ष्म जीवांचे चिकट अवशेष भेटतात. तो त्यांत अडकतो, त्यांना वजन देतो. मग सगळे मिळून दिवसाला शंभरेक मीटर खाली जातात.

उजेड निळा होतो. मग तोही संपतो.

उतरत राहा.

खाली अंधारात एक मोठं नरसाळं आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी १९८७ पासून या उपसागरात अशी नरसाळी सोडली. बुडाशी बाटल्यांचं चक्र. ठरल्या दिवशी भरलेली बाटली सरकते, रिकामी तिच्या जागी येते.

आपला कण बाटलीत पडतो.

इथेच थांबा. महिने जाऊ द्या.

वर जहाज आलंय. ‘सागर कन्या’सारखं, संशोधनासाठीच बांधलेलं. ते पाण्यात एक ध्वनिसंकेत सोडतं. नरसाळ्याला तळाच्या वजनाशी जोडणाऱ्या कडीला तो ऐकू गेला, तर कडी उघडेल, वजन तळाशी सुटेल आणि नरसाळ्याला बांधलेले तरंगते गोळे सगळं वर ओढतील.

ऐका.

अजून काही नाही.

श्वास येतोय, जातोय. ऐका.

“गोळा दिसला!” डेकवर एकच आरडाओरडा. दोर, आकडे, क्रेन. बाटल्यांच्या बुडाशी करडा गाळ, पावसाळ्यातल्या बाटल्यांत बहुधा जास्त. कुणी झाकणं लावतं, कुणी लेबलं चिकटवतं. प्रयोगशाळेत हा गाळ चाळतील, वाळवतील, तोलतील: कवचं किती, कार्बन किती, नदीची माती किती.