क्यूची शेपटी

इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत क्यू हे अक्षर मला लहानपणापासून नव्या नवरीसारखं वाटत आलं आहे. एकटीनं म्हणून कुठे जायचं नाही. जाईल तिथे पाठोपाठ यू हवाच. क्वीन असो, क्विल्ट असो, नाहीतर आमच्या सोसायटीचा क्वोरम असो. 'क्यू आला की यू आलाच,' असं आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी पाचवीत पट्टी आपटून सांगितलं होतं, आणि बँकेतली छत्तीस वर्षं मी त्या श्रद्धेवर निभावून नेली. निवृत्त झालो आणि ही श्रद्धाही निवृत्त झाली.

कारण स्क्रॅबल. भाच्यानं वाढदिवसाला तो खोका आणून दिला. ('मामा, आता वेळ कसा जातो?' हा प्रश्न जे विचारतात तेच असल्या भेटी देतात.) शंभर ठोकळे, त्यांतले दोन कोरे. अल्फ्रेड बट्स नावाच्या एका अमेरिकन आर्किटेक्टनं १९३०च्या दशकातल्या मंदीत, काम नसताना, वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून मोजून हा खेळ बसवला. त्याला स्क्रॅबल हे नाव पडलं १९४८ साली. बेकारीत माणूस काय करील सांगता येत नाही. आपल्याकडे फार तर कविता करतो.

या शंभरात क्यू एकच, आणि त्याला गुण दहा. यू मात्र चारच. ते चारही समोरच्यानं आधी खाल्ले, की तुमच्या हातात क्यू विधुरासारखा बसून राहतो, आणि डाव संपताना वर दहा गुण कापून जातो. म्हणून अट्टल खेळाडू यूवाचून चालणारे क्यूचे शब्द पाठ करतात. मीही केले. सकाळच्या फिरण्यात, ओठांतल्या ओठांत. समोरून येणाऱ्या बायकांना वाटायचं, हा गृहस्थ विष्णुसहस्रनाम म्हणतोय.

आणि काय सांगू, त्या यादीत निम्मे आपलेच लोक निघाले! 'फकीर' क्यूचा. 'बुरखा' क्यूचा. 'तलाक' क्यूचा. 'कनात' नावाचा एक शब्द भेटला. मला वाटलं लग्नमांडवाची. तर तो इराणातला जमिनीखालून पाणी नेणारा कालवा निघाला. मलिक अंबरानं सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराला जी नहर आणली, ती याच जातकुळीतली. 'कात' म्हणजे येमेनमधले लोक दुपारभर गालात धरून चघळतात तो पाला. आपला पानातला कात वेगळा, चघळणं तेच. आणि सर्वांत मौल्यवान, दोनच अक्षरांचा, 'ची' : चिनी लोकांची प्राणशक्ती. अमेरिकन खेळाडूंच्या अधिकृत यादीत हा शब्द २००६ साली आला, आणि हजारो अडलेल्या क्यूंचा प्राण वाचला.

यादी वाचता वाचता लक्षात आलं, की अरबीतला तो घशातला 'क' इंग्रज क्यूनं लिहितो, आणि आपण तो कधीच बिनबोभाट पचवून टाकला आहे. कायदा, हक्क, किल्ला, कुलूप, कंदील, कर्ज, बाकी... सगळे त्याच घराण्यातले. अक्कल आणि नक्कलसुद्धा. तेव्हा जन्मभर बँकेत मी कर्ज आणि बाकी यांच्यातच, म्हणजे यू नसलेल्या क्यूंतच, वावरत होतो. पण हे विषयांतर झालं.

माझा खरा विषय एक पाप आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर सर राहतात. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, वय चौऱ्याऐंशी. स्क्रॅबलचा खोका घरी आला तसा दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि दर रविवारी हरून येऊ लागलो. सरांचा एक घरगुती नियम आहे. खऱ्या स्क्रॅबलमध्ये अर्थ माहीत असावा लागत नाही, शब्द कोशात असला की झालं. सरांना हे मान्य नाही. "अर्थ न कळता शब्द वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून देवळाबाहेर पडणं," असं ते म्हणतात. तेव्हा शब्द लावला की अर्थ सांगायचा, मग गुण. पूर्वी ते कोशात पडताळून बघायचे. पण हल्ली बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून नियमाला पोटनियम झाला : खेळणाऱ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं विश्वास ठेवायचा.

आणि एका रविवारी माझ्या हातात क्यू, ओ, पी, एच अशी चार अक्षरं एकदम आली. यादीतला शब्द! अठरा गुण, आणि घर दुपटीचं. छत्तीस! मी तो लावला. सर म्हणाले, "अर्थ?"

वाचकहो, यादीत अर्थ नव्हते.

"क्वॉफ," मी म्हणालो. मागे वळण्याची संधी होती. घेतली नाही. "क्वॉफ म्हणजे... वाळवंटातल्या लोकांना येतो तो कोरडा खोकला. ढास."

सर आनंदले. "अस्सं! ध्वनीवरून पडलेला शब्द दिसतोय." काकूंना हाक मारून त्यांनी तो वहीत लिहून घ्यायला सांगितला. त्या दिवशी मी बावीस गुणांनी जिंकलो. पहिल्यांदाच. जिना चढताना मला जरा क्वॉफ आला.

मग त्या शब्दाला पाय फुटले. सरांना रात्री खरोखरच कोरडी ढास लागते. इतकी वर्षं तिला नाव नव्हतं, आता मिळालं. काकू म्हणू लागल्या, "आज यांना क्वॉफ आहे हो, बसू नका जास्त." दूधवाला विचारू लागला, सरांचा काप कसा आहे. आमच्या सौभाग्यवतीनंही लवंग भाजून पाठवली ती 'क्वॉफवर' म्हणून. मी घरातल्या घरात मराठी भाषेत एक शब्द प्रसवलो होतो, आणि बाप कोण हे मला एकट्याला माहीत होतं.

रात्री अंथरुणावर मी माझा खटला चालवत असे. आरोपीचा वकीलही मीच. माझा पहिला मुद्दा असा, की अर्थ म्हणजे तरी काय? चार माणसांनी एका आवाजाला एकच गोष्ट समजायचं ठरवलं, की झाला अर्थ. सरांच्या घरात क्वॉफ म्हणजे ढास हे आता सत्य आहे. दुसरा मुद्दा, अर्थ कळून शब्द वापरतो कोण? सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी क्वोरम नसतो. मग अर्धा तास सभा तहकूब करतात, आणि त्याच नऊ माणसांत, त्याच खुर्च्यांवर ती पुन्हा सुरू होते, आता क्वोरम लागत नाही म्हणून. या शब्दाचा अर्थ आमच्या सेक्रेटरींना विचारा. मंगलाष्टकं म्हणताना कुणी अर्थ विचारतं? अक्षता पडतात, लग्नं लागतात, टिकतातसुद्धा.

तिसरा मुद्दा माझा हुकमी होता. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. हे गृहस्थ २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. फ्रेंच येत नसताना! नऊएक आठवड्यांत फ्रेंच शब्दांचा कोश डोक्यात भरला, अर्थाच्या वाटेला गेलेच नाहीत. २०२४ साली तोच पराक्रम स्पॅनिशमध्ये केला. जगानं टाळ्या वाजवल्या. मग मलाच का टोचणी?

पण खटल्यातला सरकारी वकीलही मीच असल्यामुळे उत्तरही मलाच सुचायचं. रिचर्ड्सनी कधी सांगितलं, की मला अर्थ येतो? त्यांचं अज्ञान चोख आहे. फ्रेंचमध्ये आभारसुद्धा त्यांनी दुभाष्याकरवी मानले. मला अर्थ येत नव्हता यात पाप नव्हतं. ज्याला कोश वाचता येत नाही अशा माणसाला मी तो 'सांगितला', तिथे सगळं आलं. आंधळ्या भिकाऱ्याच्या वाडग्यात खोटं नाणं टाकावं, आणि वर त्यातून सुटे घ्यावेत, असं ते झालं होतं.

तरीही मी चार महिने गप्प बसलो असतो. सरांचा नातू पुण्याला आठवीत आहे. त्यानं 'माझे आजोबा' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला, आणि त्यात माझ्या आजोबांना क्वॉफचा त्रास आहे असं ठोकून दिलं. बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला. पोरगं वर्गात भांडलं. माझे आजोबा चुकीचं शिकवत नाहीत, म्हणालं. संध्याकाळी सरांचा फोन चालू असताना मी तिथेच होतो. "त्यांच्या कोशात नसेल रे," सर त्याला सांगत होते, "जुना शब्द आहे. तू डगमगू नकोस."

चाळीस वर्षांची मास्तरकी माझ्या छत्तीस गुणांवर टांगलेली होती.

त्याच रात्री मी कोश काढला. क्वॉफ, किंवा कोफ : हिब्रू वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर. त्याच जुन्या सेमिटिक अक्षरापासून ग्रीकांच्या हातून रोमन लोकांकडे जाऊन जे झालं, ते इंग्रजीतलं क्यू. म्हणजे त्या दिवशी पटावर क्यूनं साक्षात आपल्या पूर्वजाचं नाव लावलं होतं, आणि मी त्या थोर घराण्याला खोकला केलं होतं. पुढे आणखी वाचलं तर हिब्रूत त्याच शब्दाचा अर्थ माकड.

रविवारी मी पट मांडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. काकू चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबल्या. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरा अर्थ काय?"

मी सांगितला. माकडासकट.

"आधी त्याला फोन लावून दे," सर म्हणाले. मी लावला. "अरे, बाईंचं बरोबर होतं," सर म्हणाले. "मी चुकलो. उद्या वर्गात तसं सांग." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच हात पुढे करून फोन मागितला, तर त्यांनी दिला नाही. फोन ठेवून काकूंकडे वळले. "वही काढ गं. तो डाव काढ. छत्तीस वजा कर याचे."

काकूंनी वजाबाकी केली. सर चौदा गुणांनी जिंकले होते.

"आता मांड," सर म्हणाले. मी ठोकळे पिशवीत घालून हलवले. सरांनी पिशवीत हात घातला आणि त्यांना ढास लागली. चांगली मिनिटभर. डोळ्यांत पाणी आलं. मी कावराबावरा होऊन बघत बसलो.

"बघतोस काय?" सर कसेबसे म्हणाले. "क्वॉफ आलाय. पाणी आण."