पाच कारणं आणि बाराशे रुपये



गेले बारा-तेरा दिवस इथे चिंतन आलं नाही. काहींनी काळजीने विचारलं, त्यांचे आभार. गाडीवरून पडलो होतो. गुडघ्याला चार टाके आणि डाव्या मनगटाला पट्टा, एवढ्यावर भागलं. टाके परवा निघाले. आज बसून लिहिता येतंय, पण जे लिहायचंय ते जरा जड आहे. सावकाश वाचा.

आपलं वाचन अठराव्या अध्यायात थांबलं होतं. आजचे श्लोक १३ ते १६. कोणतंही कर्म घडतं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे देह. कर्ता म्हणजे 'मी करतो' म्हणणारा. करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे हालचाली. आणि दैव म्हणजे आपल्या हाताबाहेरचं. शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, बरं असो वा वाईट, त्याला ही पाच कारणं असतात. असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसत नाही, असं पुढे येतं.

पडलो त्या रात्री झोप येईना म्हणून मी हेच पान उघडलं होतं. वाचून मला फार बरं वाटलं. का बरं वाटलं, तेच आज सांगायचंय.

घडलं ते असं. मृगाचा पहिला पाऊस पडून तासभर झाला होता. मी कोरेगावहून साताऱ्याला परत येत होतो. सव्वासहा वाजले होते आणि सातला मंदिरात हरिपाठ. माहुलीचा पूल जवळ आला तेव्हा पुढे एक पोरगा मोटरसायकलवर दुधाचे दोन कॅन लावून चालला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. तो उजवीकडे वळायला लागला, मी त्याच्या उजवीकडूनच पुढे काढत होतो. मी मागचा ब्रेक जोरात दाबला. चाक जागीच थांबलं पण गाडी थांबली नाही. ती घसरत गेली आणि मी डाव्या अंगावर पडलो. पोराला धक्का लागला नाही, तो पुढे जाऊन थांबला.

माणसं जमली. पांढरा सदरा, गळ्यात माळ, गुडघ्यातून रक्त. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी पोराची गचांडी धरली. "दिसत नाही का रे? वयस्कर माणसाला पाडलंस?" पोरगं काहीतरी बोलत होतं, ऐकून कोणी घेईना. शेवटी एकानेच निकाल दिला, "काकांच्या गाडीचा खर्च दे आणि जा." त्याने खिशातून दुधाच्या बिलाचे पैसे काढले. बाराशे रुपये. ते माझ्या हातात ठेवले गेले आणि मी ते खिशात घातले.

घरी लोक भेटायला आले. "माउलींनी वाचवलं." "गळ्यात माळ होती म्हणून बरं." मीही मान हलवत होतो. आणि रात्री ते पान उघडलं. पाच कारणं! मग माझा वाटा किती? पाचातला एक. बाकी पाऊस, रस्ता, गाडी, ते पोरगं आणि दैव. शांत झोप लागली.

आठवड्याने गाडी ओढत गोडोलीच्या गॅरेजवर नेली. आमचे मिस्त्री पंधरा वर्षं माझी स्प्लेंडर बघतात. हँडल वाकडं झालं होतं, क्लचचा लिव्हर तुटलेला, डावा इंडिकेटर लोंबकळत होता आणि फूटरेस्ट आत दबलेलं. मला वाटलं हँडल बदलावं लागणार. ते म्हणाले, "नाही हो, बघा." पुढचं चाक दोन पायांत धरलं, बोल्ट ढिले केले, हँडल हळूहळू सरळ केलं आणि मग परत आवळले. "न ढिलं करता ओढलं की नुसता जोर वाया जातो," म्हणाले.

मग मागे गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला बोलावून टायरवरून बोट फिरवायला लावलं. मध्यभागी नक्षी अशी राहिलीच नव्हती. टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा, ही खूण कंपनीनेच ठेवलेली असते. माझा टायर त्याही खाली गेला होता. ओल्या रस्त्यावर पाणी या खाचांतून बाजूला जातं. खाचाच नसल्या तर पाणी जाणार कुठे? त्यात पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. ब्रेकचे लायनरही संपत आलेले, म्हणून मला पाय जोरात दाबायची सवय लागली होती. चाक जाम व्हायला एवढं पुरे.

"काका, दिवाळीत सांगितलं होतं तुम्हाला," मिस्त्री म्हणाले. खरं होतं. आणि मी म्हणालो होतो, "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." तेव्हा एकोणीसशे रुपये जास्त वाटले होते.

हेल्मेटही दाखवलं. बाहेरून एक लांब ओरखडा, बाकी ठीक. वापरू का, विचारलं. ते म्हणाले, आतला थर्माकोल एकदाच दबतो. दिसत नसलं तरी त्याने आपलं काम केलंय, आता नवीन घ्या.

घरी येताना रिक्षात बसलो आणि दुसरी गोष्ट आठवली. आठवली असं तरी कसं म्हणू? ती होतीच, मी तिच्याकडे बघत नव्हतो. त्या पोराने वळण्याआधी उजवा हात बाहेर काढला होता, चांगला लांब, तळवा उघडा. मी तो पाहिला होता. आणि मनात आलं होतं, 'हा वळायच्या आत मी निघून जाईन.' हरिपाठाला उशीर होत होता ना.

त्या संध्याकाळी तेच श्लोक परत काढले. पान तेच होतं, मी मात्र ते चुकीच्या बाजूने वाचलं होतं.

बघा, भगवंतांनी ही पाच नावं दोषाची वाटणी करायला दिलेली नाहीत. जो म्हणतो 'सगळं मीच केलं', त्याची फुशारकी उतरवायला दिली आहेत. मी स्वतःला विचारलं, माझ्या मुलाला चांगली नोकरी लागली तेव्हा मी ही पाच कारणं मोजली होती का? नाही. तेव्हा 'मी त्याला पहाटे उठवायचो' हे सगळ्यांना सांगत होतो. यश आलं की कर्ता मी एकटा आणि गाडी घसरली की बाकीचे चौघं. हे औषध ज्या रोगावर दिलंय त्यावर मी कधी घेतलंच नाही, आणि जिथे पथ्य पाळायचं होतं तिथे बाटलीभर प्यायलो.

मग एकेक कारण नीट मोजलं. अधिष्ठान, म्हणजे हा देह, दिवसभराच्या कामाने थकलेला. थकलाय हे मला कळत होतं. करणं, म्हणजे टायर आणि लायनर, यांची निगा माझ्याकडे. चेष्टा म्हणजे उजवीकडून काढणं आणि ब्रेकवर उभं राहणं, पायही माझाच. राहिलं दैव. जुन्या भाष्यांत दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता असा अर्थ सांगितला आहे, जशी डोळ्याची देवता सूर्य. तो अर्थ धरला तर मी आणखीच अडकतो. डोळ्याच्या देवतेने तिचं काम चोख केलं होतं. पोराचा हात मला दिसला होता. आणि दैव म्हणजे नशीब असा आपला रोजचा अर्थ घेतला, तर समोरून त्या क्षणी ट्रक आला नाही, मागे एसटी नव्हती. ज्या दैवावर मी भार टाकत होतो, त्याने त्या दिवशी मला सांभाळूनच घेतलं होतं.

'माळ होती म्हणून वाचलो' हेही आता तोंडातून निघत नाही. आभार मी मानतो, रोज मानतो. पण माळेमुळे मी वाचलो असं म्हटलं, तर ज्या घरातला माळकरी रस्त्यावरून परत आलाच नाही, त्या घराला मी काय सांगू? त्याची माळ कच्ची होती? आभार मानायला कारण लागत नाही. पण कारण सांगायची वेळ आली की खरं तेच सांगावं लागतं, आणि खरं कारण गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, गुळगुळीत झालेलं.

आता बाराशे रुपये. ते कपाटात तसेच होते. कोणाच्या तरी हाताने पाठवून देऊ, असं आधी वाटलं. पण पैसे परत गेले असते तरी गचांडी धरलेली परत गेली नसती. ते चारचौघांत झालं होतं.

गुरुवारी एसटीने माहुलीला उतरलो, लंगडत चौकशी करत दूध संकलन केंद्रावर गेलो. संध्याकाळची वेळ, रांग लागलेली. पोरगं मला बघून कॅनच्या मागे सरकलं. त्याला वाटलं आणखी पैसे मागायला आलो. त्याचा चुलता पुढे आला, "काका, दिले ना तुम्हाला पैसे?"

मी पैसे पुढे केले. म्हणालो, "बाळा, तू हात दाखवला होतास. मी पाहिला होता. माझा टायर खराब होता आणि घाई माझी होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प बसलो, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय."

तो माझ्याशी काही बोलला नाही. चुलत्याकडे वळून म्हणाला, "मी सांगत होतो ना, हात दाखवला होता म्हणून."

मंडळी, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दहा दिवस ते पोरगं खरं बोलत होतं आणि घरात त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. बिलाचे पैसे गेले म्हणून बोलणी खाल्ली असतील ती वेगळीच. बाराशे रुपये देता आले, हे दहा दिवस मला परत देता येणार नाहीत. चुलत्याने चहा पाजला. मी प्यायलो. पोरगं कॅन उतरवायला निघून गेलं आणि तेही बरोबरच होतं.

हरिपाठाच्या मंडळींनाही सांगितलं. एक ज्येष्ठ म्हणाले, "माउली, झालं गेलं, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं?" त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मनाला लावून घेणं वेगळं आणि नोंद सरळ करणं वेगळं. हँडल वाकडं ठेवूनही गाडी चालते, फक्त सरळ जायला सतत एका बाजूला ओढून धरावं लागतं. तसे ते दहा दिवस गेले माझे.

गाडी काल आली. टायर, लायनर, लिव्हर, इंडिकेटर आणि मजुरी धरून चार हजार तीनशे पन्नास. पुलाजवळ आलो की अजून छातीत धडधडतं. यंदा लोणंदला पालखीबरोबर चालणं गुडघ्याला जमणार नाही, उभं राहून दर्शन घेईन.

आजच्यासाठी एवढंच करून बघा. अलीकडे ज्या गोष्टीत तुम्ही 'माझा काय दोष' म्हणालात, ती एक घ्या. पाचही कारणं कागदावर लिहा. मग ज्या यशाबद्दल 'मी केलं' म्हणालात, तेही त्याच कागदावर तसंच मोजा. दोन्हीकडे माप एकच वापरा. आणि त्यातून कोणाचे बाराशे रुपये तुमच्या कपाटात निघाले, तर ते स्वतः घेऊन जा.

उद्या सतरावा श्लोक.

राम कृष्ण हरी.